समुद्र न पाहिलेल्या मुलांना रेवदंडा-चौल कसं दाखवावं?

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. जानेवारीत नववीच्या मुलांची दोन दिवसांची सहल अलिबाग भागात न्यायची आहे. मुलं अमळनेर-पारोळा तालुक्यातली, बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. वाळूत खेळणं होईलच, पण एक लहान किनारी गाव भूगोल आणि इतिहास अशा दोन्ही अंगांनी त्यांना नीट कळावं अशी इच्छा आहे. जंजिऱ्याला सगळेच जातात, म्हणून रेवदंडा-चौल मनात आहे. तिथे काय पाहावं, कोणत्या क्रमाने, आणि भरती-ओहोटीचा हिशेब सहलीची तारीख ठरवतानाच कसा करायचा? आणखी एक. मुलं हमखास विचारतील, "सर, याचा आपल्या खान्देशशी काय संबंध?" त्याचं खरं उत्तर हवं आहे, ओढूनताणून नको.

खाडीपल्याड

निवड चांगली आहे. जंजिरा डोळ्यात भरतो, पण बंदर एखाद्या जागी का वसतं आणि का मोडतं हे रेवदंड्याला जास्त स्पष्ट दिसतं. फक्त क्रम उलटा ठेवा. लोक आधी रेवदंड्याच्या तटात शिरतात, पडकी चर्चं पाहतात आणि निघतात. मुलांच्या हाती दगडांपलीकडे काही लागत नाही. तुम्ही आधी पूल ओलांडून साळावमार्गे कोर्लईला जा. किल्ला कुंडलिका नदीच्या मुखात उत्तरेकडे घुसलेल्या अरुंद डोंगरावर आहे. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या आहेत, मुलं अर्ध्या तासात वर पोचतील. वर उत्तरेकडे तोंड करून बसवा. डाव्या हाताला अरबी समुद्र, उजव्या हाताला खाडी, समोर मुखाच्या पलीकडे रेवदंडा आणि त्याच्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्यांत बुडालेलं चौल. वह्या तिथेच उघडायला लावा आणि कागदावर चार रेषांत नकाशा काढून घ्या: समुद्र, खाडी, वाळूचा पट्टा, डोंगर. पुढचा सगळा इतिहास या चार रेषांवर बसतो.

भूगोलात तापीशी तुलना करा. दोन्ही नद्या पश्चिमवाहिनी. पण तापी मुलताईपासून ७२४ किलोमीटर धावते, तर कुंडलिका भिऱ्याजवळ सह्याद्री उतरते आणि कोलाड, रोहा करून लगेच समुद्राला मिळते. धुळे-अमळनेर पट्ट्यात वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर इकडे दोन हजारांच्या पुढे, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणून पावसाळ्यात लोंढा आणि एरवी नदीत पाणी बेताचं, असं व्हायला हवं. पण कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते, कारण मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीतून भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं आहे. हे वीजघर १९२७ पासूनचं. भीमेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळणारं पाणी माणसाने पश्चिमेकडे वळवलं. मुलांना हे पटकन कळतं, धरण आणि कालवे त्यांनी घराजवळ पाहिलेले असतात.

मुखाशी नदीचा गाळ आणि लाटेने लोटलेली वाळू एकत्र येते आणि पट्टा तयार होतो. रेवदंडा अशा पट्ट्यावर वसलं आहे. त्याच्या आड खाडीतलं पाणी शांत राहतं, म्हणून इथे गलबतं थांबू शकली. पट्ट्याने बंदर दिलं आणि त्याच गाळाने पुढे ते उथळही केलं.

इतिहास सांगताना चौल दोन होती हे आधी पक्कं करा, नाहीतर पुढे सगळा घोळ होतो. वरचं चौल म्हणजे जुनी बाजारपेठ, आतल्या बाजूला. खालचं चौल म्हणजे पोर्तुगीजांचं ठाणं, ते आजचं रेवदंडा. वरचं चौल फार जुनं. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात आणि दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलात या बंदराचं नाव आहे, कान्हेरीच्या शिलालेखांत ते चेमुल म्हणून येतं. दहाव्या शतकात शिलाहारांच्या काळी अल्-मसूदी इथे येऊन गेला. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इकडचे हजारो मुसलमान व्यापारी इथे राहतात असं त्याने लिहिलं आहे. १४६९ मध्ये अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौललाच उतरला आणि पालीवरून जुन्नरला गेला. सोबत विकायला एक घोडा आणला होता, तो जुन्नरच्या असदखानाने काढून घेतला. हा घोडा मुलांना नक्की सांगा. अरबस्तानातले घोडे या बंदरांतून दख्खनच्या सुलतानांकडे जात, हे त्यातून आपोआप कळतं.

खाडीपल्याड

(वर जागा कमी पडली.) १५०८ च्या मार्चमधली लढाई कोर्लईवरूनच समजावा, पाणी समोर असतं. इजिप्तचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आलं, दीवचा मलिक अयाज त्याला मिळाला. पोर्तुगीजांचा सेनापती लॉरेन्सो द आल्मेदा, व्हाइसरॉयचा मुलगा. खाडीतून समुद्राकडे निसटताना त्याचं फुटकं जहाज कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं. तो तिथेच मारला गेला. पुढच्या वर्षी बापाने दीवला सूड घेतला. आजही कोकणच्या खाड्यांत डोल, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, लावायला असे खुंट रोवतात. ओहोटीला मुलांना ते दाखवता आले तर तोफांपेक्षा जास्त लक्षात राहतील. उथळ खाडीत स्थानिक माणसाला वाट माहीत असते, परक्या मोठ्या जहाजाला नसते.

पुढचं थोडक्यात. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याचा किल्ला बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने मोठं सैन्य घेऊन वेढा घातला. जमिनीकडून कोंडी झाली, पण समुद्राकडून दाणागोटा आणि माणसं येत राहिली. किल्ला पडला नाही. समुद्र मोकळा असेल तर किनाऱ्यावरचा किल्ला उपाशी मरत नाही, हा इथला मोठा धडा. समोरचा कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडे होता, तो १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, कारण त्याच्यावरच्या तोफा मुख बंद करू शकत होत्या. संभाजी महाराजांच्या फौजेने १६८३ मध्ये चौलला वेढा दिला. शेवटी १७३९ मध्ये वसई पडल्यावर चौल एकटं उरलं आणि १७४० च्या तहाने मराठ्यांकडे आलं.

गिरणाथडी

भरतीचा हिशेब मी सांगतो. किनाऱ्यावरची जुनी रीत आहे, पंचांग पुरतं. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. शुद्ध असो वा वद्य, १ ते १५ असंच मोजायचं, पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही १५. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराच्या पुढे. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमारास, ओहोटी संध्याकाळी साडेपाचला. रोज वेळ पाऊण तासाने, खरं तर पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. निघायच्या आदल्या दिवशी छापील भरतीच्या कोष्टकाशी ताडून पाहा.

वेळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाणी किती उतरणार. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाण असतं. मुंबईच्या बंदरात उधाणाला भरती आणि ओहोटीत साधारण साडेतीन मीटरचा फरक पडतो, अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे सगळ्यांत कमी चढउताराच्या दिवसांत, दीड मीटरच्या आसपास. रेवदंड्याला थोडं कमी-जास्त धरा. म्हणून नुसती "ओहोटी अकराच्या सुमारास" असं पाहून षष्ठी-सप्तमी निवडली तर पाणी हवं तितकं मागे जात नाही. मुलांना खाडीचा तळ, खुंट, चिखल दाखवायचा असेल तर द्वितीया ते चतुर्थी धरा. ओहोटी सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते, पाणी चांगलं उतरतं आणि ऊनही चढलेलं नसतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर हेच दिवस. ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागा आणि ओहोटीनंतर तासाभरात परत किनाऱ्यावर या. आत रमले आणि पाणी चढलं की होडीशिवाय गत्यंतर नाही.

आता कळकळीने एक. कुंडलिकेच्या मुखाजवळ कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका, गुडघाभरसुद्धा नाही. भरती उतरायला लागली की खाडीत साठलेलं सगळं पाणी त्या अरुंद मुखातून बाहेर धावतं. वरून संथ दिसतं, पण पायाखालची वाळू ओढली जाते. २०१६ च्या फेब्रुवारीत जवळच मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली. आपली मुलं विहिरीत, कालव्यात पोहायला शिकलेली असतात आणि त्यामुळेच जास्त धीट असतात. विहिरीत ओढ नसते. खेळायचं तर मुखापासून दूर, चढत्या भरतीच्या वेळी, कमरेच्या खूप खाली, आणि मोठ्या माणसांनी मुलांच्या समुद्राकडच्या बाजूला उभं राहायचं. बसही वाळूवर उतरवू नका. ओली वाळू कडक वाटते, चाक थांबलं की रुतते.

बोरीकाठ (अमळनेर)

भारी माहिती शे भो. द्वितीया-चतुर्थीचं लगेच टिपून घेतलं. खान्देशच्या संबंधाचं कोणी सांगेल का? आपला कापूस, कापड चौलवरून बाहेर जायचं का?

तापीथडी

सरळ उत्तर: खान्देशचं बंदर चौल नव्हतं, सुरत होतं. आणि तसं का होतं, हाच मुलांना सांगायचा संबंध आहे.

बंदराला मागे मुलूख लागतो आणि त्या मुलखातून बैल चालू शकतील अशी वाट लागते. चौलच्या मागे बोरघाट, त्याच्यावर जुन्नर, अहमदनगर. म्हणून ते आधी बहमनींचं आणि मग निजामशाहीचं बंदर झालं. खान्देशातून तिकडे जायचं तर आधी सातमाळा डोंगररांग ओलांडा, मग सह्याद्री उतरा. तापीचं खोरं मात्र पश्चिमेला सुरतेकडे उघडं आहे, मोठा घाट नाही. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला, त्याचे मुक्काम पाहा: बारडोली, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर, बुऱ्हाणपूर. अमळनेरच्या मुलांनी यातली निम्मी गावं एसटीच्या पाटीवर वाचलेली असतात. बुऱ्हाणपूरचं तलम कापड या वाटेने सुरतेला आणि तिथून इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरोपर्यंत जात होतं, हेही त्यानेच नोंदवलं आहे. राजकारणही त्याच दिशेचं. थाळनेरहून राज्य सुरू केलेले खान्देशचे फारुकी सुलतान बराच काळ गुजरातच्या सुलतानांच्या छायेत होते. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, सुरत तर आधीच मोगलांकडे होती. मग खोऱ्याचं वरचं टोक आणि मुख एकाच सत्तेखाली आलं.

दुसरा दुवा गाळाचा. सुरतेलाही चौलचाच आजार होता. तापीच्या मुखाशी वाळूचे बांध पडायचे, मोठी जहाजं शहरापर्यंत येत नसत. ती सुरतेजवळच्या सुवाळीच्या किनाऱ्याला नांगर टाकत आणि माल होड्यांनी, गाड्यांनी ने-आण होई. तो गाळ कुठला? तापीने वरून आणलेला, त्यात आपल्या खान्देशच्या काळ्या मातीचा वाटा आला. उकाईचं धरण झाल्यावर आता तो बराचसा तिथे अडतो. शेताच्या बांधावरून वाहून गेलेली माती बंदराचं काय करते हे मुलांना रेवदंड्यात उभं राहून सांगता येईल.

माझी सूचना, सहलीआधी एक दिवस थाळनेरला न्या. तापीच्या काठावरचा पडका किल्ला आणि फारुक्यांच्या कबरी पाहिल्या की "पाण्याच्या वाटेवर ठाणं का बसवतात" हा प्रश्न घेऊन मुलं कोकणात उतरतील.

सातमाळा

वरचं सगळं मान्य, पण चौल फक्त गाळाने मोडलं असा समज होऊ नये. गाळ तर हजार वर्षं येतच होता आणि तरी बंदर चाललं. मोठी जहाजं आली, खोल पाण्याची गरज वाढली, तेव्हा गाळ नडला. त्याच सुमारास मोगलांची सुरत भरभराटीला आली. इंग्लंडच्या राजाच्या लग्नाच्या १६६१ च्या तहात मुंबई इंग्रजांना मिळाली आणि १६६८ मध्ये ती कंपनीकडे गेली. मुंबईचं बंदर खोल, आडोशाचं, आणि चौलपासून गलबताने फार लांब नाही. चौलचे रेशीम विणणारे कारागीर मुंबईला जाऊन वसले. तिकडे निजामशाही १६३६ मध्ये संपली, म्हणजे चौलच्या मागचा मुलूखच तुटला. माझ्या मते शेवटचं कारण सगळ्यांत मोठं आहे. घाटावरचा धनी गेला की खालच्या बंदराला गिऱ्हाईक राहत नाही.

आजचं चित्रही दाखवा. साळावच्या धक्क्याला बार्ज लागतात. सपाट बुडाची ही बोट कमी पाण्यात चालते. मोठं जहाज अजूनही आत येत नाही.

केळीपट्टा (रावेर)

भूगोलात विहिरी सोडू नका, सर. रावेर-यावलकडे बोअर शेकडो फूट खाली गेल्या हे मुलं ऐकत असतात. चौल-रेवदंड्याच्या वाडीत समुद्र हाकेवर असताना विहिरीला गोडं पाणी असतं आणि तेही थोड्याच खोलीवर. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. समुद्राच्या पातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोड्याचा थर असतो. उलट्या बाजूने पाहा: वरची पातळी अर्धा मीटर उतरवली की खालून खारं पाणी वीस मीटर वर सरकू शकतं. पूर्वी वाड्यांत बैलाचा रहाट होता, तो संथ उपसायचा आणि विहीर भरून यायला वेळ मिळायचा. विजेच्या पंपाने एका दमात उपसलं की विहीर मचूळ होते आणि पोफळीची पानं टोकाकडून करपायला लागतात. आपल्याकडे जास्त उपशाने पाणी खोल जातं, तिकडे खारं होतं. तीन बाटल्या न्या. किनाऱ्याजवळची विहीर, गावातली विहीर आणि खाडी, तिन्हींचं सारखं मोजून थोडं पाणी ताटलीत उन्हात वाळवा. खाली उरलेला पांढरा थर मुलांना बोलका वाटेल. वाडीवाल्याची परवानगी आधी घ्या, पाणी चाखायला देऊ नका.

पेणहून येताना पोयनाडच्या अलीकडे-पलीकडे खारेपाटातली सपाट भातशेती दिसेल. खाडीला मातीचे बांध घालून ती समुद्राकडून मिळवलेली आहे. बांधात उघाडी असते, म्हणजे झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती मिटते. झडपेत ओंडका किंवा दगड अडकला तरी खारं पाणी आत येतं. बांधाला खांड पडली तर मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात, तोवर भात धड येत नाही. याच भागात चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ खोतांविरुद्ध, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदार जमीनदारांविरुद्ध, संप केला, सहा वर्षं जमीन कसली नाही. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली. त्याच काळात, १९३६ च्या डिसेंबरात, आपल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. दोन्ही तारखा फळ्यावर शेजारी लिहा.

बोरीकाठ (अमळनेर)

मनापासून आभार. तटाच्या आत आणि चौलमध्ये नेमकं काय दाखवू? वेळ अर्धा दिवस.

खाडीपल्याड

सकाळची ओहोटी कोर्लईवर आणि खाडीकाठी घालवा. कोर्लई गावातली ख्रिस्ती मंडळी आजही पोर्तुगीज-मराठी मिसळीची स्वतःची बोली बोलतात. ओळखीने कोणी दोन वाक्यं बोलून दाखवली तर उत्तम, पण चाळीस मुलं घेऊन दारात उभं राहू नका.

दुपारी रेवदंडा. अलिबाग-मुरुड रस्ता तटातूनच जातो, तिथे बस थांबवू नका, अरुंद आहे. सातखणी मनोरा फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा, वरचे मजले पडले आहेत, लांबूनच पाहा. डोमिनिकन चर्चच्या वेदीवरची कमान अजून उभी आहे. भिंतींत मुळं शिरलेली आहेत, टेकू देऊ नका. तटाच्या दगडांत काळा बेसॉल्ट आणि वाळू-शिंपले घट्ट होऊन बनलेला करळ दगड वेगळे ओळखायला लावा, हाताला लगेच कळतात. पुळणीवरची वाळू काळसर आहे. लोहचुंबक कागदात गुंडाळून फिरवलं तर काळे कण चिकटतात, ते आपल्याच काळ्या कातळातून आलेले. गावात बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग आहे. हे लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत.

चौलला रामेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी पाहा. देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड आहे. अवर्षणात पर्जन्यकुंड उघडण्याची प्रथा आहे. वेळ उरला तर हिंगलाजदेवीच्या टेकडीवरची लेणी. अक्षीचा शिलालेख अलिबागच्या वाटेवरच आहे. मराठीतला सर्वांत जुना म्हणून तो मांडला जातो, शके ९३४ असा वाचतात, पण या वाचनावर अभ्यासकांत वाद आहे, तेही मुलांना सांगा.

बस धुळे, नाशिक, कल्याण, पनवेल, पेण, वडखळ अशी घ्या. शनिवार-रविवार टाळा, वडखळ ते अलिबाग रस्ता तुंबतो आणि साधलेली ओहोटी हातची जाते.